खळ लावलेली बाजू

॥ श्री ॥

इंदापूर,
ता. ९ जुलै १९५७

ती. दादांस,

म्हाळसाचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. घरमालकीण द्वारकामावशींनी माडीवरची खोली झाडून ठेवली होती. त्या रोज मला विचारतात की, पोरींना इंग्रजी शिकवून त्या काय साहेबाला भाकरी वाढायला जाणार आहेत काय. मी हसते. 

मला नववीचा मुलींचा वर्ग दिला आहे. हेडमास्तर म्हणाले की, पदवीधर शिक्षक मिळेपर्यंत तुम्ही इंग्रजी सांभाळा. म्हणजे जागा दुसऱ्या कुणाची आहे आणि मी ती राखून आहे. तुम्ही एव्हाना सगळ्या बाजारात आमची म्हाळसा हायस्कुलात मास्तरीण झाली असे सांगितले असेल, म्हणून हे आधी लिहिते. नंतर कळले तर तुम्हांला खाली पाहावे लागेल.

एक गोष्ट सांगायची आहे. वर्गात नकोशी म्हणून एक मुलगी आहे, हिंदुराव बागाईतदारांची. तिला धडा वाचायला उभे केले. खणखणीत वाचत होती. मध्येच वारा येऊन पुस्तकाचे पान उलटले, तरी तिचे वाचन थांबले नाही! समोर घोड्याचा धडा आणि तोंडात गाईचा. मग मी दुसरीला पुस्तक मिटूनच वाच म्हटले, तर तिनेही वाचले. दादा, या मुली वाचत नाहीत, म्हणतात. आरतीसारखे. पाठ्यपुस्तकाबाहेरचे इंग्रजी अक्षर त्यांच्या नजरेलाच पडत नाही, तर नवा शब्द येणार कुठून? माझेही असेच झाले असते, पण मी तुमच्या गाळ्यावर बसून रद्दीतली पाने चाळत असे.

तर विनंती ही की, मोसंब्यांना गुंडाळायला तुम्ही पुण्याच्या कँपातली जी इंग्रजी रद्दी आणता, त्यातली बरी पाने माझ्यासाठी बाजूला काढावी. शाळेकडे मागायचा मला धीर होत नाही.

आईच्या गुडघ्याला तेल चोळणे चालू ठेवावे. सौ. वहिनीस नमस्कार. माझ्यावरचा लोभ पेरूच्या भावासारखा उतरू देऊ नये.

आपली,
म्हाळसा

॥ श्री ॥

बारामती,
ता. १८ जुलै १९५७

चि. म्हाळसास दत्तोबाचा आशीर्वाद.

तुजं पत्र पावलं. तुज्या वहिनीनं, छबूनं, माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं. आई म्हणाली, पोरीचं अक्षर बारीक झालंय, जेवत न्हाय वाटतं. आता अक्षर बघून जेवण कळतं हे मला ठाऊक नव्हतं. तवा दोन घास जास्त खा आन् मोठं मोठं लिही.

जागा राखायचं काय मनाला लावून घेतीस. मी बी गाळ्यावर बसतो तवा अप्पांचीच जागा राखतो. अप्पा गेल्याला सहा वर्सं झाली तरी व्यापारी अप्पांचा गाळा असंच म्हणत्यात. म्हणून मी काय उठून घरी गेलो व्हय?

कंडक्टरसंगं गठ्ठा धाडलाय. मला त्यातलं काय बी वाचता येत न्हाय, तू जाणतीस. म्हणून मी असं केलं, ज्या पानावर माणसं हसत्यात ती तुला ठेवली, आन् ज्यावर टोपीवालं हात वर करून बोलत्यात ती मोसंब्याला लावली. हसणाऱ्या माणसांखाली वंगाळ काय लिहिलं नसणार. वास आला तर दोन दिस उन्हात घाल.

आनिक एक. डाळजचे मोहनराव पेरूची रोपं बघायला आलते. त्यांनी पाणी ओढायचं नवं इंजिन आणलंय, त्याचं पुस्तक सगळं इंग्रजीत. घरात कुणाला वाचता येत न्हाय, म्हणून इंजिन पोत्याखाली झाकून ठेवलंय. मी म्हणलं, आमची म्हाळसा असती तर बसल्या बैठकीला वाचून दाखवलं असतं. मोहनराव लई कौतुकानं ऐकत व्हते.

तुला चुलतं काय म्हणलं व्हतं ध्यानात हाय का? पोरीला इंग्रजी शिकवून दत्तोबा तिला घराबाहेर काढतोय म्हणलं व्हतं. आता येऊन बघा म्हणावं.

पत्र धाडत जा, न्हायतर आई मला बसू देत न्हाय.

तुजा दादा,
दत्तोबा

इंदापूर,
ता. २२ सप्टेंबर १९५७

प्रिय फरिदास,

म्हाळसाचा स. न. वि. वि.

तू पाठवलेली लेबले मिळाली. तुझ्या यजमानांना, युनूसभाईंना, माझे आभार सांग. कारखान्याच्या स्टोअरातून काढलेली लेबले वर्गात एवढी गाजतील असे मला वाटले नव्हते. रंगाच्या डब्यावरचे ‘आगीपासून लांब ठेवा’ हे वाक्य मुलींनी आपण होऊन वाचले, आणि आता कुणी रागावली की बाकीच्या तिला तेच इंग्रजीत सांगतात.

तुला सगळी व्यवस्था सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितली तर बढाई वाटेल. तुझ्या भावाच्या, सिकंदरभाईंच्या चपलांच्या दुकानातून खोकी आणली. त्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर दादांच्या रद्दीतले वेचे डकवले. साबणाच्या जाहिराती, हवामान, हरवलेल्या कुत्र्याची खबर, एखादी छोटी गोष्ट. सगळे एका चहाच्या खोक्यात ठेवते. तासाच्या शेवटी मुलीने डोळे मिटून एक पुठ्ठा काढायचा, मनात वाचायचा, आणि न कळलेला एक शब्द चिठ्ठीवर लिहून भिंतीलगतच्या सुतळीला टांगायचा. ज्या मुलीला तो शब्द कळेल आणि जी तो आपल्या वाक्यात वापरून दाखवील, तिने तो उतरवून घरी न्यायचा. आता शब्द उतरवण्यावरून भांडणे होतात. नकोशीने एक शब्द वापरण्यासाठी आपल्या म्हशीला आजारी पाडले, असे तिच्या शेजारी बसणारी लैला म्हणत होती. खरे म्हणजे फक्त वाक्यात.

मलाही पुष्कळ शब्द अडतात. लहान डिक्शनरीत ते नसतात. पहिल्यांदा मी ते पुठ्ठेच बाजूला ठेवीत होते. मग वाटले, हे खोटे आहे. म्हणून आता मीही माझा शब्द टांगते. हेडमास्तर पाहून म्हणाले की, शिक्षकाने आपल्याला येत नाही ते भिंतीवर लावू नये. मी मान हलवली, पण शब्द काढला नाही. 

एका बाबतीत मात्र मी फार जपते. कागदाला दोन बाजू असतात आणि मागच्या बाजूला काय असेल याचा नेम नसतो. दारूच्या बाटल्या, सिगारेटी, पोहण्याच्या कपड्यांतल्या मडमा. म्हणून नको ती बाजू खाली घालून कणकेच्या दाट खळीने काठापर्यंत चिकटवते. प्रत्येक पुठ्ठा उजेडाला धरून पाहते. कुणाचे एक बोट माझ्याकडे वळले तर दादांचे काय होईल, हे डोक्यातून जात नाही.

आपल्या वर्गातून तू इंग्रजी चौथीत शाळा सोडलीस ते अजून माझ्या मनात आहे. तूही एक शब्द पाठव, तुझ्या नावाने टांगीन.

तुझा स्नेह माझ्याजवळ ठेव म्हणून पाठवलेला आहे असे समजते.

तुझी,
म्हाळसा

॥ श्री ॥

बारामती,
ता. १५ डिसेंबर १९५७

चि. म्हाळसास दत्तोबाचा आशीर्वाद.

आज मोठी गोष्ट लिहितोय, म्हणून छबूनं दौतीत नवी शाई घातली. डाळजचे मोहनराव आपणहून बोलायला आले. त्यांचा थोरला आबासाहेब, तू त्याला सोमेश्वरच्या जत्रंत बघितलाय, उंच हाय, कमी बोलतो. मोहनराव म्हणाले, आमाला शिकलेली सून पायजे, घरात इंजिन आलंय, उद्या आणिक काय काय येईल, प्रत्येक कागुद घेऊन कुणाच्या दारात उभं ऱ्हायाचं? मी व्हय म्हणलं.

पौष सरला की माघात सुपारी फोडू, फाल्गुनात लग्न. आई लई दिसांनी हसली. मी तुला शाळंत घातली म्हणून ज्या चुलत्यांनी माझ्या घरचं पाणी सोडलं व्हतं, ते काल गाळ्यावर येऊन बसले, चहा प्याले. तुज्या शिक्षणानं माजी मान खाली जाईल म्हणत व्हते. आता मला तोंड वर करून बोलता आलं, ते तुज्यामुळं.

शाळंचं मोहनरावांना इचारलं न्हाय. लग्न झाल्यावर कोण शाळंत जातंय. तू एक वरीस केलंस, लई झालं.

तुज्या मनात काय असलं तर लिही. पण मी शब्द देऊन बसलोय हे बी ध्यानात घे.

पेरू धाडलेत. वरचे कच्चे हायेत, ते आधी खाऊ नगंस.

तुजा दादा

॥ श्री ॥

इंदापूर,
ता. २१ डिसेंबर १९५७

ती. दादांस,

म्हाळसाचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. आई हसली हे वाचून बरे वाटले. आपण जे ठरवाल ते माझ्या हिताचेच असेल. मुलींची परीक्षा एप्रिलात असते, एवढे फक्त कळवते. पेरू गोड निघाले. कच्चे ठेवले आहेत.

येथे थंडी आहे. बाकी सर्व ठीक. आशीर्वादाचा हात तसाच असू द्यावा.

आपली,
म्हाळसा

इंदापूर,
ता. १७ जानेवारी १९५८

प्रिय फरिदास,

म्हाळसाचा स. न. वि. वि.

हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल. निदान घातले असे मला कळव.

डाळजचे तुला कळलेच आहे. लोक चांगले आहेत, हीच अडचण आहे. वाईट असते तर दादांना सांगता आले असते. पण ते मला घरात नेऊन बसवणार, कागद आला की वाचायला बोलावणार, आणि मी वाचणार. गोठ्यात इंजिन, माजघरात मी. फाल्गुनात लग्न झाले तर वर्ग परीक्षेआधी सुटतो, आणि पुन्हा कधी वर्गात उभी राहीन असे वाटत नाही. दादांनी मनात असेल ते लिही म्हटले होते, तरी मी थंडी आहे, पेरू गोड निघाले एवढेच लिहिले, यातले काहीच नाही. कसे लिहू? माझ्यासाठी त्यांनी भावकीचे सहा वर्षे ऐकून घेतले.

त्यात आता हे झाले.

खोक्यात एका गोष्टीचा पुठ्ठा होता. एक मुलगी डोंगराळ मुलखात टपालाच्या मोटारीने आत्याकडे चालली आहे. आत्याने तिचे पुढचे सगळे ठरवून ठेवले आहे. आत्याच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबते आणि ड्रायव्हर विचारतो, इथे उतरायचे की पुढे जायचे? तिथेच पान संपते. तो पुठ्ठा नकोशीला आला. तिने विचारले, बाई, पुढे काय झाले? मी म्हटले, एवढेच मिळाले. तिला वाटले, पुढची गोष्ट पानामागे आहे आणि बाईंनी चुकून ती बाजू चिकटवली.

तिने पुठ्ठा घरी नेला, घंगाळात भिजत घातला, आणि कागद हळूच सोडवून अंगणात बाजेवर, मिरच्यांच्या शेजारी वाळत घातला. त्या बाजूला गोष्ट नव्हती. पोहण्याच्या कपड्यांतली मडम होती, अर्धे पान भरून. हिंदुरावांकडे त्याच वेळी पाहुणे आलेले. सगळ्यांनी ती मडम पाहिली, आणि कुणीतरी विचारले की ही तुमच्या मुलीच्या अभ्यासातली का.

हिंदुराव तो कागद घेऊन शाळेत आले. हेडमास्तरांनी मला बोलावले. मी सगळे खरे सांगितले, रद्दी कुठली, खळ का लावते, सगळे. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे. त्यांनी खोके आपल्या कपाटात ठेवले, किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, आता पाठ्यपुस्तकच शिकवा, नाही तरी फाल्गुनात तुमचे लग्न आहे, कशाला वाद वाढवायचा? इकडे लग्न आहे म्हणून शाळा नको, तिकडे शाळेत असे झाले म्हणून लग्न लवकर हवे असे होणार. दोन्ही दारांना कडी, आणि दोन्हीकडची माणसे माझे भले व्हावे म्हणूनच ती लावत आहेत.

नकोशीला घरी बसवले आहे. मला सगळ्यांत जास्त वाईट कशाचे वाटते सांगू? त्या मुलीने पान उलटले म्हणून मला शिक्षा झाली, आणि जुलैत तिच्या पुढचे पान आपोआप उलटले तेव्हा तिला कळलेसुद्धा नव्हते. तिला आता पुढचे वाचायचे होते. मला आनंदही होतो आणि त्या आनंदाची भीतीही वाटते.

सुतळी तेवढी राहिली. हेडमास्तरांना ती सजावट वाटली.

तुझी,
म्हाळसा

वालचंदनगर,
ता. २३ जानेवारी १९५८

प्रिय म्हाळसास,

फरिदाचा सलाम वि. वि.

तुझे पत्र चुलीत घातले नाही. तांदळाच्या डब्यात ठेवले आहे. तू कासावीस व्हावीस म्हणून मुद्दाम कळवते.

ती मडम वाचून मी एवढी हसले की शेजारीण विचारायला आली. मग रडू आले. मला शाळेतून काढले तेव्हा मी कागद भिजवून पाहण्याइतकी शहाणी नव्हते. अब्बांनी उद्यापासून जायचे नाही म्हटले, मी बरे म्हटले. युनूस चांगले आहेत, क्वार्टरला नळ आहे, मला कसली तक्रार नाही. पण तुझ्यासाठी लेबले निवडते तेव्हा आधी मी वाचते, आणि भाजी करपते. परवा युनूस म्हणाले की, म्हाळसाबाईंच्या वर्गात आपल्या घरचीही एक मुलगी आहे वाटते.

आता रागावू नकोस. दादांना तू पत्र लिहितेस ते पुठ्ठ्यासारखे. साबणाची जाहिरात वर, बाकीचे खाली, आणि काठापर्यंत खळ. थंडी आहे, पेरू गोड निघाले! दादांना इंग्रजी येत नाही, पण मराठी येते. त्यांनी मनात असेल ते लिही म्हटले होते ना? तू लिहिले नाहीस. मग ते शब्द देऊन बसले हा दोष एकट्या त्यांचा कसा?

माझा शब्द सोबत पाठवते. डबाबंद फळांच्या लेबलावर मिळाला. मला त्याचा अर्थ येत नाही. टांग.

भेटशील तेव्हा भांडू, तोवर जिव्हाळा आहे तसाच.

तुझी,
फरिदा

॥ श्री ॥

इंदापूर,
ता. २९ जानेवारी १९५८

ती. दादांस,

म्हाळसाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडले. आता फाडणार नाही.

आधी शाळेतले सांगते, म्हणजे ते दुसऱ्याकडून कळायला नको. तुमच्या रद्दीतल्या एका पानाच्या मागच्या बाजूला अपुऱ्या कपड्यांतल्या मडमेचे चित्र होते. मी ते खळ लावून दडवले होते. नकोशीने गोष्टीचा शेवट शोधायला कागद भिजवला आणि चित्र तिच्या वडिलांच्या हाती गेले. माझे खोके कुलपात आहे. चूक तुमची नाही. ज्या बाजूला माणसे हसत होती ती बाजू पाहून तुम्ही पान ठेवले, आणि दुसरी बाजू मी पाहिली होती.

त्या गोष्टीतली मुलगी मोटारीने आत्याकडे चालली आहे, आत्याच्या फाट्यावर गाडी थांबते आणि तिथेच पान संपते, शेवट कुणाला ठाऊक नाही. ते पुढचे पान एखाद्या मोसंब्याला गुंडाळून मुंबईला गेले असेल. म्हणून मी मुलींना म्हटले, ड्रायव्हरने विचारले की इथे उतरायचे की पुढे जायचे, आता शेवट तुम्हीच लिहा. पाठ्यपुस्तकात निबंध आहेच, त्यामुळे मी हुकूम मोडला असे होत नाही, असे मी मनाला सांगितले. सगळ्यांनी तिला फाट्यावर उतरवले. आत्या भेटली, लग्न झाले, सुखी झाली.

नकोशी घरी आहे. तिने आपला शेवट लैलाच्या हाती पाठवला. एकच ओळ आहे, इंग्रजीत. चुका आहेत, पण मी लाल शाई लावली नाही. मराठीत असा होतो: मुलीने ड्रायव्हरला विचारले, पुढे काय आहे?

दादा, मी आजपर्यंत तुम्हांला हे कधी विचारलेच नाही. तुम्ही उतर म्हणालात की उतरले, चढ म्हणालात की चढले. तुम्ही मला नेहमी चांगल्या ठिकाणीच नेले म्हणून विचारायची वेळ आली नाही, आणि नंतर विचारायची लाज वाटू लागली.

मला डाळजचे घर नको असे मी लिहीत नाही. मला ते माहीत नाही, आणि माहीत नसलेल्यावर मी खोटे लिहिणार नाही. पण शिकवणे सोडायचे नाही हे मला माहीत आहे. डाळजजवळच्या भिगवणात किंवा आसपास मुलींना शिकवायला ते मला जाऊ देतील का? लग्न परीक्षेनंतर करतील का? सुपारी फुटण्याआधी हे एवढे त्यांना विचारावे. तुम्हांला विचारता येणार नसेल तर तसे लिहा. मग मी पुन्हा मागणार नाही, पण आनंदाने गेले असेही कधी म्हणणार नाही.

 अक्षर मोठे आले आहे, ते आईला दाखवा.

माया कमी झाली तरी तुटू देऊ नये.

आपली,
म्हाळसा

॥ श्री ॥

बारामती,
ता. १३ फेब्रुवारी १९५८

चि. म्हाळसास दत्तोबाचा आशीर्वाद.

तुजं पत्र आलं त्या दिशी गाळा उघडला न्हाय. छबूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी पहिल्यांदा काय तरी मागतीया. मी म्हणलं, अगं आजपातूर तिनं काय मागितलंच न्हाय व्हय? लई आठवून बघितलं. रद्दी मागितली व्हतीस. बास.

मला राग आला व्हता. खरं लिहितो. शब्द देऊन बसल्यावर इचारतीस म्हणून. मग तुजं डिसेंबरातलं पत्र काढून बघितलं. त्यात परीक्षा एप्रिलात असती असं एका वळीत लिहिलंय. मी ती वळ वाचली व्हती आन् पुढं गेलो व्हतो.

आधी इतवारी इंदापूरच्या बाजाराला आलो. तुला भेटलो न्हाय, भेटलो असतो तर माजा धीर गेला असता. हिंदुरावाच्या मळ्यात गेलो आन् सांगितलं, मडम माज्या रद्दीतली, मास्तरणीची न्हाय. हिंदुराव म्हणाला, तुमच्या मोसंब्याला बी असंच कागुद लावता व्हय, म्हणून मुंबईला भाव चढा घेता. दोघं बी हसलो. पोरगीला सोमवारी धाडतो म्हणाला. खोक्याचं मात्र माज्या हातात न्हाय, ते हेडमास्तर साहेबांच्या कपाटात हाय.

काल डाळजला गेलो. मंडळी जमली व्हती, चुलतं नवं धोतर नेसून आलं व्हतं. ताटात सुपारी, मोहनरावांच्या हातात अडकित्ता. मी म्हणलं, पोरीचा एक प्रश्न हाय. मोहनराव म्हणाले, इंजिनाबद्दल का? सगळे हसले. मी बी हसलो, सवय म्हणून. मग पुन्यांदा म्हणलं. शिकवायला जाऊ द्याल का, आन् लग्न परीक्षेमागून कराल का.

मोहनरावांनी अडकित्ता ताटात ठेवला. मोहनराव म्हणाले, सुनेनं गावाच्या पोरी शिकवायच्या आन् आमी आमचं पुस्तक कुणाकडनं वाचून घ्यायचं? ते चांगल्या मनानंच म्हणाले, वंगाळ काय न्हाय बोलले. माज्या तोंडून निघून गेलं, “मग तुमाला मास्तर पायजे, सून न्हाय.”

चुलत्यांनी माजा हात दाबला. मी सुपारी ताटातनं उचलली आन् खिशात घातली. मोहनराव म्हणाले, दत्तोबा, गुढीपाडव्यापातूर इचार करा. मी म्हणलं, तुमी बी करा. जेवण वाढलं व्हतं, ते जेवलो. न जेवता उठणं बरं दिसलं नसतं. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

निघताना आबासाहेब बांधापातूर पोचवायला आला.  मग म्हणाला, बाईंना सांगा, इंजिन मी पुस्तकाबिगर सुरू केलंय. एवढंच बोलून माघारी गेला. याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव, तुला शब्द कळत्यात.

आई माज्यासंगं बोलत न्हाय. चुलत्यांनी पुन्यांदा घरचं पाणी सोडलं. छबू म्हणती, बरं झालं, चहा वाचला. तुज्या पत्राचं मोठं अक्षर आईला दाखवलं. तिनं हातात घेतलं, बघितलं, आन् उशाखाली ठेवलं. वाचता येत न्हाय, तरी.

नवी रद्दी धाडतोय. खोकं नसंना का, सुतळी हाय न्हवं. या खेपेला दोनी बाजू बघून घेतल्यात. एका पानावर मडम हाय, पण तिनं अंगभर कोट घातलाय.

तुज्या नकोशीनं इचारलं, पुढं काय हाय. ते मलाबी ठाऊक न्हाय, म्हाळसे. मी निस्ती गाडी थांबवून धरलीया. सुपारी खिशात हाय, हात घातला की लागती. पाडवा अजून लांब हाय.

तवर तू खाली उतरू नगंस.

तुजा दादा,
दत्तोबा